शोनेन नाइफ : ओसाकाहून निघालेला बँड

शोनेन नाइफ हा जपानमधल्या ओसाका शहरातला, फक्त स्त्रियांचा रॉक बँड. डिसेंबर 1981 मध्ये नाओको यामानो, तिची धाकटी बहीण आत्सुको यामानो आणि नाओकोची कॉलेजातली मैत्रीण मिचिए नाकातानी या तिघींनी तो सुरू केला. नाओको गिटार वाजवत गात असे, मिचिए बेस गिटार सांभाळून गात असे आणि आत्सुको ड्रम्सवर बसे. बँडचे नाव लहान मुलांच्या खिशातल्या एका जुन्या चाकूवरून घेतलेले आहे. पुढच्या दहा वर्षांत या बँडची गाणी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या रॉकप्रेमींच्या कॅसेट-संग्रहात जाऊन बसली, आणि तीही जपानमध्ये फारसे नाव झालेले नसताना. जपानी संगीतात असे सहसा घडत नाही. आधी देशात गाजायचे आणि मग जमल्यास बाहेर डोकवायचे, हीच तिथली रीत. शोनेन नाइफच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या संगीत-व्यवसायात तरुण मुलींसाठी एक ठरलेली वाट होती. कलाकार सांभाळणाऱ्या कंपन्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली निवडत. त्यांचे कपडे, केशरचना, हसणे-बोलणे सगळे ठरवून देत, आणि व्यावसायिक गीतकार-संगीतकारांची गाणी त्यांच्याकडून गाऊन घेत. अशा गायिकांना जपानीत ‘आयडॉरू’ म्हणतात. 1980 मध्ये पदार्पण केलेली सेको मात्सुदा ही त्या काळातली सर्वांत मोठी आयडॉरू. हा सगळा कारभार टोकियोतून चालत असे. मुलींनी स्वतः वाद्ये हाती घेतलेले बँड अगदीच नव्हते असे नाही. टोकियोतला ‘झेल्डा’ 1979 मध्येच सुरू झाला होता, आणि ‘शो-या’ हा हेवी मेटल वाजवणारा बँड 1985 मध्ये मोठ्या कंपनीतर्फे पुढे आला. सर्वांत लोकप्रिय ठरलेल्या ‘प्रिन्सेस प्रिन्सेस’मधल्या पाचजणी मात्र 1983 मध्ये एका रेकॉर्ड कंपनीच्या निवडचाचणीतून एकत्र आणलेल्या होत्या. सुरुवातीला त्यांना आयडॉरूच्या साच्यात बसवण्याचा प्रयत्न झाला. तो साचा मोडून स्वतःची गाणी वाजवायला मिळावीत म्हणून त्यांना बरीच वर्षे झगडावे लागले. 1989 मध्ये त्यांचे ‘डायमंड्स’ हे गाणे जपानमधले त्या वर्षीचे सर्वाधिक खपाचे ठरले, आणि त्याच वर्षी टोकियोच्या निप्पोन बुदोकान सभागृहात कार्यक्रम करणारा तो स्त्रियांचा पहिला बँड ठरला.

शोनेन नाइफच्या वाट्याला यातले काहीच आले नाही, आणि त्यातच त्यांचे भले झाले. ओसाका हे टोकियोपासून पाचशे किलोमीटरवरचे व्यापारी शहर. तिथल्या तीन मुलींवर कोणत्याही कंपनीचे लक्ष नव्हते, त्यामुळे त्यांच्या गाण्यात ढवळाढवळ करायलाही कोणी नव्हते. नाओको ऑफिसात नोकरी करत होती. सुरुवातीची कित्येक वर्षे बँड चालला तो नोकरीतून उरलेल्या वेळात: सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या स्टुडिओत सराव, अधूनमधून एखाद्या छोट्या क्लबात कार्यक्रम. ऑफिसातल्या तरुण स्त्रीने काही वर्षे किरकोळ कामे करावीत, लग्न ठरले की राजीनामा द्यावा, अशी त्या काळी जपानमध्ये सर्रास अपेक्षा असे. नोकरीत स्त्रियांना समान संधी देणारा कायदा तिथे 1985 मध्ये संमत झाला आणि 1986 मध्ये लागू झाला. अशा वातावरणात या तिघींनी कोणी सांगितले नसताना गिटार आणि ड्रम्स विकत घेऊन स्वतःची गाणी रचायला बसणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी तिचा गाजावाजा केला नाही, म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

14 मार्च 1982 रोजी ओसाकातच त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्याच वर्षी त्यांनी एक कॅसेट काढली. 1983 मध्ये ‘झीरो रेकॉर्ड्स’ या छोट्या स्थानिक कंपनीने त्यांचा ‘बर्निंग फार्म’ हा अल्बम काढला, आणि पाठोपाठ 1984 मध्ये ‘यामा-नो आत्चान’ आला.

या गाण्यांचा पाया म्हणजे पंक रॉक. पंक सत्तरच्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये रुजले. त्या आधीच्या काही वर्षांत रॉक संगीत अवजड होत चालले होते: दहा-दहा मिनिटांची गाणी, लांबलचक गिटारवादन, महागडी उपकरणे. न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’ या बँडने हे सगळे बाजूला सारले. तीन-चार कॉर्ड, एकसलग दणदणीत ठेका, दोन-अडीच मिनिटांत गाणे संपलेले. वाजवायला वर्षानुवर्षांची तालीम लागत नाही, सांगण्यासारखे काहीतरी आणि ते सांगण्याची धमक लागते, हा त्याचा अर्थ. नाओको रमोन्सची निस्सीम चाहती. इंग्लंडमधले ‘बझकॉक्स’ आणि त्यांच्याही आधीचे ‘बीटल्स’ तिला प्रिय होते. साठच्या दशकातल्या अमेरिकी मुलींच्या गायनवृंदांचे गोड, एकत्रित सूरही तिच्या कानात होते. शोनेन नाइफच्या गाण्यात या दोन्ही धारा येऊन मिळतात. खाली गिटारचा खरखरीत, न थांबणारा आवाज आणि त्यावर दोन मुलींचे सरळ, साधे, कसलाही नखरा नसलेले गाणे. आवाजाला कंप देणे नाही, ताना नाहीत, रडवेपणा नाही. चाल मात्र अशी की एकदा कानावर पडली की दिवसभर डोक्यातून जात नाही.

त्यांची खरी वेगळी खूण म्हणजे गाण्यांचे विषय. रॉकमधली गाणी बहुधा प्रेमावर, विरहावर नाही तर संतापावर असतात. शोनेन नाइफने गाणी लिहिली ती खाण्यापिण्यावर, प्राण्यांवर, किड्यांवर, सायकल चालवण्यावर, अग्निबाणात बसून आकाशात जाण्यावर. नामशेष होता होता वाचलेल्या रानरेड्यांना, म्हणजे बायसनना, धीर देणारे त्यांचे एक गाणे आहे. बार्बी बाहुलीवरचे ‘ट्विस्ट बार्बी’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे. सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या त्या बाहुलीसारखे व्हावे अशी जपानी मुलीची इच्छा त्यात अगदी निरागसपणे येते. ज्याला त्यातला काटा टोचून घ्यायचा आहे, त्याला तो टोचतोच.

त्यांच्या सुरुवातीच्या काळातले एक गाणे तर चक्क भांडी घासण्याच्या ब्रशवर आहे. ‘कामेनोको तावाशी’ ही तंतूंची लंबगोल घासणी जपानमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून विकली जाते. तिचा आकार कासवाच्या पिल्लासारखा दिसतो, म्हणून तिच्यावर कासवाचा छाप. जवळजवळ प्रत्येक जपानी मोरीत ती पडलेली असे आणि कोणाचेही तिच्याकडे लक्ष जात नसे. शोनेन नाइफने तिच्यावर गाणे केले, आणि तेही एखाद्या चित्रपटातल्या नायकाच्या आगमनाला शोभावे अशा थाटात. काथ्याची घासणी ज्याच्या घरी आहे त्या प्रत्येक मराठी वाचकाला या कल्पनेतली मजा सहज कळेल. ही मजा कोणाची टिंगल करत नाही. घरातली वस्तू नीट पाहिली तर तीही गाण्याचा विषय होऊ शकते, असे या तिघींना मनापासून वाटत होते, आणि ऐकणाऱ्यालाही ते वाटू लागते.

ही गाणी समुद्रापार गेली ती एका छोट्या कंपनीमुळे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिम्पिया नावाचे गाव आहे. तिथे कॅल्व्हिन जॉन्सन या तरुणाने 1982 मध्ये ‘के रेकॉर्ड्स’ सुरू केली होती. तबकडी काढायला पैसे लागत, म्हणून ही कंपनी बहुतेक वेळा कॅसेटच काढत असे. कॅसेट घरच्या घरी भरता येत असे, पाकिटात घालून टपालाने पाठवता येत असे, आणि मित्राला दुसरी प्रत करून देणे तर आणखीच सोपे. संगीत चकचकीत असावे यापेक्षा ते खरे असावे, असा जॉन्सनचा आग्रह होता. 1985 मध्ये के रेकॉर्ड्सने ‘बर्निंग फार्म’ कॅसेटवर काढला. पुढच्या वर्षी सिएटलच्या ‘सब पॉप’ कंपनीने काढलेल्या ‘सब पॉप 100’ या संग्रहात ‘सॉनिक यूथ’सारख्या बँडांच्या शेजारी शोनेन नाइफचेही गाणे होते.

तिथून पुढे त्यांचे नाव पसरले ते हातोहाती. त्या काळात अमेरिकेत कॉलेजांची स्वतःची छोटी रेडिओ केंद्रे होती. विद्यार्थी तिथे मोठ्या केंद्रांवर कधीच न लागणारी गाणी लावत. झेरॉक्स काढून वाटलेली हौशी नियतकालिके होती. या जाळ्यात शिरलेली कॅसेट कुठल्या कुठे जाऊन पोहोचे. 1989 मध्ये अमेरिकी बँडांनी मिळून शोनेन नाइफच्या गाण्यांचा एक अख्खा अल्बम काढला. त्यात सॉनिक यूथ, ‘एल सेव्हन’, ‘रेड क्रॉस’ असे एकेक नावाजलेले बँड होते, आणि प्रत्येकाने या जपानी बँडचे एकेक गाणे आपापल्या पद्धतीने वाजवले होते. ज्या बँडचे नाव त्याच्याच देशात मोजक्या लोकांना ठाऊक, त्याला परदेशी कलाकारांनी अशी मानवंदना द्यावी, हे दुर्मीळच. त्याच वर्षी शोनेन नाइफने लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेतला आपला पहिला कार्यक्रम केला.

ऑलिम्पियात राहिलेला आणखी एक तरुण त्यांच्या प्रेमात होता. त्याचे नाव कर्ट कोबेन. त्याच्या हातावर के रेकॉर्ड्सचे चिन्ह गोंदलेले होते, आणि आवडत्या अल्बमच्या हस्तलिखित यादीत त्याने ‘बर्निंग फार्म’चे नाव लिहून ठेवले होते. कोबेनच्या ‘निर्वाना’ बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम सप्टेंबर 1991 मध्ये आला. त्या वर्षअखेरच्या ब्रिटनच्या दौऱ्यात आपल्या आधी वाजवण्यासाठी त्याने शोनेन नाइफला बोलावले. नाओकोने नंतरच्या मुलाखतींतून त्या दिवसांविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. निर्वाना कोण हे त्यांना नीटसे ठाऊक नव्हते. फोटोत ती विस्कटलेल्या केसांची, फाटक्या कपड्यांची मुले पाहून त्या जरा धास्तावल्याच. प्रत्यक्षात ती अगदी सौम्य निघाली. ‘ट्विस्ट बार्बी’ कसे वाजवायचे ते कोबेनने नाओकोकडून शिकून घेतले. त्यांचा कार्यक्रम पाहताना आपण बीटल्सच्या कार्यक्रमाला आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीसारखे झालो होतो, अशा अर्थाचे त्याचे उद्गार पुढे जगभर छापले गेले.

तो दौरा चालू असतानाच निर्वानाची लाट उठत होती. जानेवारी 1992 मध्ये ‘नेव्हरमाइंड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि कोबेन ज्याचे नाव घेईल त्याच्याकडे सारे जग वळून पाहू लागले. मोठ्या कंपन्या शोनेन नाइफच्या दारी आल्या. 1992 मध्ये ‘लेट्स नाइफ’ आला. ब्रिटनमध्ये तो ‘क्रिएशन’ने आणि अमेरिकेत ‘व्हर्जिन’ने काढला. जुनी गाणी त्यात चांगल्या स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रित केली होती, आणि बरीचशी इंग्रजीत केली होती. 1993 च्या ‘रॉक अॅनिमल्स’मध्ये एका गाण्यात सॉनिक यूथच्या थर्स्टन मूरने गिटार वाजवली. त्याच वर्षी निर्वानाच्या अमेरिकेतल्या काही कार्यक्रमांतही त्या होत्या. 1994 मध्ये ‘लोलापलूझा’ या गावोगाव फिरणाऱ्या मोठ्या संगीत-महोत्सवात त्यांनी वाजवले. ‘कार्पेंटर्स’ या जोडीच्या गाण्यांना अभिवादन म्हणून निघालेल्या संग्रहात त्यांनी गायलेले ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ त्याच वर्षीचे. पाश्चात्त्य श्रोत्यांपैकी अनेकांना शोनेन नाइफ प्रथम भेटली ती या गाण्यातून.

ही चढती कमान केवळ कोबेनच्या शब्दावर उभी राहिली असे म्हणणे चूक ठरेल. त्याने दार उघडले हे खरे. पण त्याच्या आधी सहा वर्षे त्यांची कॅसेट अमेरिकेत फिरत होती आणि त्यांच्या गाण्यांचा मानवंदना-अल्बमही निघून गेला होता. खुद्द कोबेनही त्या कॅसेटचा एक श्रोता होता. मोठ्या कंपनीशी करार झाल्यावरही तिघींचा घरगुती बाज सुटला नाही. रंगमंचावरचे त्यांचे कपडे आत्सुको स्वतः शिवत असे: साठच्या दशकातल्या फॅशनचे, ठळक रंगांचे, तिघींना एकसारखे.

या कपड्यांमुळे आणि त्या गोड आवाजांमुळे त्यांच्यावर एक शिक्काही बसला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्यांना ‘गोंडस जपानी मुली’ म्हणून मिरवले. त्यांच्या मोडक्या इंग्रजीचे कौतुक कधी कधी चेष्टेच्या अंगाने होत असे. त्या वेळी तिघीही तिशीच्या आसपास होत्या, दहा वर्षे स्वतःची गाणी स्वतः लिहीत आणि वाजवत आल्या होत्या. पुरुषांच्या बँडने तीन कॉर्डमध्ये गाणे बांधले की त्याला साधेपणाची ताकद म्हणायचे आणि बायकांनी तेच केले की भाबडेपणा म्हणायचे, हा दुजाभाव समीक्षेत उघड दिसतो. अडीच मिनिटांत सुरुवात, मधला भाग आणि शेवट चोख बसवणे, एकही सूर फुकट न घालवणे, ही कारागिरी आहे. ‘रायडिंग ऑन द रॉकेट’सारखे गाणे लक्षपूर्वक ऐकले की हे कळते. नाओकोने या शिक्क्याविरुद्ध कधी भांडण काढले नाही. ती पुढचे गाणे लिहीत राहिली.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या लाटेचा जोर ओसरला. कोबेन एप्रिल 1994 मध्ये गेला होता. मोठ्या कंपन्यांचे लक्ष दुसरीकडे वळले, आणि शोनेन नाइफ पुन्हा छोट्या कंपन्यांकडे आली. 1999 मध्ये मिचिएने बँड सोडला. दोघी बहिणी राहिल्या, आणि आत्सुकोने ड्रम्स सोडून बेस गिटार हाती घेतली. अमेरिकी कार्टून मालिका ‘पॉवरपफ गर्ल्स’, जी भारतातही मुले आवडीने पाहत, तिच्या 2000 मध्ये निघालेल्या गाण्यांच्या संग्रहात शोनेन नाइफचे एक गाणे आहे. ते त्यातल्या हिरव्या फ्रॉकमधल्या बटरकपवर. नंतर काही वर्षे त्यांच्याबरोबर ड्रम्स वाजवणारी माना निशिउरा दुसऱ्या बँडच्या दौऱ्यावर असताना नोव्हेंबर 2005 मध्ये अमेरिकेत रस्ता-अपघातात मरण पावली. 2006 मध्ये आत्सुको लग्नानंतर लॉस एंजेलिसला राहायला गेली, आणि मूळच्या तिघींपैकी नाओको एकटी उरली.

इथे बँड संपला असता तर कोणी नावे ठेवली नसती. नाओकोने तरुण मुली जमवल्या. रित्सुको तानेदा बेसवर आली. ड्रम्सवर आधी एत्सुको नाकानिशी, मग 2010 मध्ये एमी मोरिमोतो आणि 2015 पासून रिसा कावानो. यातल्या काहीजणी ‘बर्निंग फार्म’ निघाला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या. 2011 मध्ये बँडला तीस वर्षे होताना त्यांनी ‘ओसाका रमोन्स’ हा अल्बम काढला. त्यातले प्रत्येक गाणे रमोन्सचे होते. ज्या बँडमुळे हे सगळे सुरू झाले त्याचे ऋण नाओकोने असे उघडपणे मान्य केले. 2016 पासून आत्सुकोही परत आली आणि दोघी बहिणी पुन्हा एकत्र वाजवू लागल्या.

त्यांच्या मागून आलेल्या जपानी बँडांची वाट तुलनेने सोपी झाली. टोकियोचा ‘द 5.6.7.8ज’ हा बँड 2003 च्या ‘किल बिल’ चित्रपटात दिसला. ओसाकातच 2006 मध्ये सुरू झालेल्या ‘स्कँडल’मधल्या चौघी गाण्या-नाचण्याच्या शाळेतून आल्या, रस्त्यावर वाजवत वाजवत वाढल्या आणि 2012 मध्ये बुदोकानपर्यंत पोहोचल्या. क्योटोचा ‘ओतोबोके बीव्हर’ आणि टोकियोचा ‘बँड-मेड’ आज युरोप-अमेरिकेत सर्रास दौरे करतात. या बँडांचे संगीत एकमेकांसारखे नाही, शोनेन नाइफसारखे तर नाहीच. ओतोबोके बीव्हर कितीतरी अधिक वेगवान आणि आक्रमक आहे, आणि बँड-मेडच्या वादनात हार्ड रॉकची तालीमबद्ध सफाई आहे. पण जपानी मुलींचा रॉक बँड आपल्या भाषेत, आपल्या विषयांवर गाऊन परदेशी श्रोत्यांना जिंकू शकतो, हे त्यांच्या आधी प्रत्यक्ष करून दाखवले ते शोनेन नाइफने. त्यासाठी त्यांच्याकडे इंटरनेट नव्हते, कार्टून मालिकेचे शीर्षकगीत नव्हते आणि सुरुवातीला पाठीशी मोठी कंपनीही नव्हती.

फेब्रुवारी 2023 मध्ये ‘अवर बेस्ट प्लेस’ हा त्यांचा अल्बम आला. त्या वेळी नाओकोचे वय बासष्ट होते. त्यांना प्रथमच ऐकणाऱ्याने ‘लेट्स नाइफ’पासून सुरुवात करावी, कारण जुनी उत्तम गाणी त्यात स्वच्छ ऐकू येतात. मग मागे जाऊन ‘बर्निंग फार्म’ ऐकावा. त्यातला खडबडीतपणा तेव्हा खटकत नाही, उलट तोच आवडू लागतो.